वीज कोणाकडे ओढली जाते?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचे करिअर' असा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून दिला, हे समजतं. पण मी फोन करून तो बदलून घेतला. त्या विषयावर यूट्यूबवर हजार भाषणं आहेत. मी आज जे बोलणार आहे ते शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, आपण सगळ्यांनी ते परीक्षेत लिहिलं आहे, आणि तरी रोवणीचे दिवस आले की आपण ते विसरतो. एक वस्तू दुसरीला ओढते कधी, ढकलते कधी, आणि आभाळातली वीज कोणाकडे ओढली जाते, एवढाच विषय.

निमित्त आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं. मागच्या जूनमध्ये कोणीतरी हवामान खात्याचा इशारा टाकला, पूर्व विदर्भात मेघगर्जनेसह पाऊस. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, 'पायाळूंनी घराबाहेर पडू नये', आणि मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आपल्याकडे समजूत आहे ना, जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि पायाळूकडे वीज ओढली जाते. तासभर ग्रुपवर हसणं चाललं. मग आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने चार ओळी लिहिल्या. ती आज इथे बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे, नाव मात्र सांगणार नाही.

ती पायाळू. दहावीनंतर दोन-तीन वर्षं ती बायांच्या टोळीबरोबर रोवणीला जायची. आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं, की बाया पऱ्ह्यांच्या जुड्या तशाच टाकून धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली जमायच्या. आणि तिला सांगायच्या, तू तिकडे उभी राहा. तिकडे म्हणजे उघड्या बांधीत, चिखलात, एकटीने. तिच्यामुळे सगळ्यांवर वीज पडेल, ही भीती. बाया वाईट नव्हत्या. त्यांच्यातल्याच कोणाला उसण भरली की तिलाच बोलावणं यायचं, कारण पायाळूचा पाय पाठीला लावला की उसण जाते म्हणतात. पाठीला तिचा पाय चालायचा, झाडाखाली ती चालायची नाही. तिसऱ्या वर्षी टोळी जमवणाऱ्या बाईने ढगाळ दिवशी तिला बोलावणंच बंद केलं. रोवणीचे दिवस किती असतात, आपल्याला माहीत आहे. त्यातली निम्मी मजुरी गेली.

तिने ग्रुपवर शेवटी विचारलं होतं, तुम्ही सगळे इंजिनिअर, मास्तर, डॉक्टर झालात, तर सांगा, माझ्यात खरंच असं काही आहे का? ग्रुप गप्प झाला. हे भाषण म्हणजे त्याचं उत्तर आहे, जरा लांबलेलं.

या टेबलावर काय काय आहे बघा. शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची कांडी, दोन फुगे, कागदाचे कपटे, आणि माझ्या मावशीने आंधळगावहून दिलेला कोसा कापडाचा तुकडा. आपल्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशासाठी ओळखलं जातं, हे बाहेरून आलेल्या सुनांना आणि जावयांना सांगून ठेवते. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्याचं हे रेशीम. आज डिसेंबर आहे आणि हवा कोरडी आहे, म्हणून मी निर्धास्त आहे. हाच प्रयोग जुलैत केला असता तर फसला असता. दमट हवेत काचेवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि सगळा प्रभार त्यावरून गळून जातो. आमच्या वेळी हा धडा नेमका पावसाळ्यात यायचा. कंगव्याला कागद चिकटतो हे आम्ही पाठ केलं, पण चिकटलेला पाहिला नाही.

आता कांडी कोशावर घासते आणि कपट्यांजवळ नेते. उडाले! मागच्यांना दिसलं का? जरा विचार करा. ही एवढी मोठी पृथ्वी त्या कपट्याला खाली ओढते आहे, आणि वीतभर काचेची कांडी तिच्यावर मात करते आहे. विजेचं बळ गुरुत्वाकर्षणापुढे एवढं प्रचंड आहे. एरवी ते जाणवत नाही, कारण प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण प्रभार तंतोतंत सारखे असतात आणि एकमेकांना झाकून टाकतात. घासल्याने नवीन काही तयार होत नाही. काचेवरचे थोडे इलेक्ट्रॉन कोशावर गेले. काच तेवढी धन झाली, कोसा तेवढाच ऋण झाला. बेरीज पुन्हा शून्य. जमाखर्च लिहिणाऱ्यांना हे लगेच पटेल.

आता आठवीतल्या या दोन मुलींच्या केसांवर दोन फुगे घासू आणि कोशाच्या धाग्याने शेजारी-शेजारी टांगू. बघा, तोंडं फिरवली त्यांनी. दोघांवर एकाच जातीचा प्रभार आहे. आता घासलेली कांडी जवळ नेते. फुगा आला तिच्याकडे. एकाच जातीचे एकमेकांना ढकलतात, वेगळ्या जातीचे ओढतात. प्रभाराच्या दोन जाती आहेत हे फ्रान्सच्या द्यु फे नावाच्या माणसाने १७३३ च्या सुमारास ओळखलं. घासलेल्या काचेने दूर लोटलेला सोन्याचा वर्ख घासलेल्या राळेकडे धावत गेला, तेव्हा तो चकित झाला. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनची. त्याने अंदाजाने काचेला धन म्हटलं. पुढे १८९७ साली इलेक्ट्रॉन सापडला तो नेमका ऋण निघाला, आणि तेव्हापासून आम्ही इंजिनिअर लोक विद्युतधारेची दिशा इलेक्ट्रॉनच्या उलट काढत बसलो आहोत.

इथपर्यंत पुस्तकातलं झालं. आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ, आणि त्यासाठी पुन्हा कपट्याकडे. मी कपटा कशावरही घासला नव्हता. त्याच्यावर ना धन प्रभार, ना ऋण. मग तो का ओढला गेला?

धन कांडी जवळ आली की कपट्यातले ऋण कण किंचित तिच्या बाजूला सरकतात आणि धन बाजू किंचित पलीकडे राहते. बाहेरून काही आलं नाही, आतून काही गेलं नाही, फक्त थोडी सरकासरकी झाली. आता जवळच्या ऋणाला कांडी ओढते आणि लांबच्या धनाला ढकलते. फ्रान्सच्याच कुलोमने १७८५ मध्ये मोजून दाखवलं की अंतर दुप्पट झालं तर बळ चौथाई होतं. म्हणजे जवळच्याचं ओढणं लांबच्याच्या ढकलण्यापेक्षा भारी पडतं आणि कपटा उडी मारतो. कागदाच्या जागी भुसा घ्या, पीस घ्या, नळाची बारीक धार घ्या, तीही वळेल.

विद्यार्थ्यांनो, हे वहीत लिहून घेतलंत तरी चालेल. एखादी वस्तू ओढली गेली, यावरून त्या वस्तूत काही होतं असं सिद्ध होत नाही. ती दूर ढकलली गेली तरच नक्की सांगता येतं की तिच्यावर प्रभार आहे. परीक्षेत हा प्रश्न येतो, 'प्रतिकर्षण ही प्रभाराची खरी कसोटी का?' मी उत्तर पाठ केलं होतं आणि पूर्ण मार्क मिळवले होते. त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं गेली.

आता आभाळाकडे बघू. ढगात वर बर्फाचे बारीक स्फटिक असतात आणि मऊ गारांसारखे जड कण असतात. वाऱ्याच्या जोरावर ते एकमेकांवर आपटतात, घासतात. हलके स्फटिक बहुधा धन होऊन वर जातात, जड कण ऋण होऊन खाली राहतात. कांडी आणि कोशाचाच खेळ, काही किलोमीटर उंचीचा. ढगाचा खालचा भाग ऋण झाला की जमिनीवरचे इलेक्ट्रॉन दूर ढकलले जातात आणि वरचा थर धन होतो. म्हणजे जमीन कपट्यासारखी वागते. फक्त हा कपटा म्हणजे अख्खा मोहाडी तालुका असतो. त्यात झाडं, घरं, गुरं, माणसं, सगळी आली. डोक्याने जन्मलेली आणि पायाने जन्मलेली, दोन्ही.

मग वीज खाली येते ती एका उडीत येत नाही. साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, वाकडीतिकडी, वाट फोडत येते. ढगाजवळ असताना तिला खालचं झाड, माणूस काही जाणवत नाही. शेवटच्या काही टप्प्यांत मात्र खालच्या उंच, टोकदार गोष्टींवरून धन प्रभाराच्या बारीक ठिणग्या वर उठू लागतात. ज्या ठिणगीची गाठ आधी पडते तिथे वीज पडते. म्हणून मोबाइल टॉवर, देवळाचा कळस, ताड, शेतातलं एकटं झाड. आणि सपाट बांधीत उभा असलेला माणूस, कारण तिथे त्याच्याहून उंच दुसरं काही नसतं. किती उंच आणि किती जवळ, एवढंच महत्त्वाचं. शंभरात तीन-चार बाळं पोटात दिवस भरले तरी पायाकडून किंवा बुडाकडून खाली आलेली असतात. आता त्यांतल्या बहुतेकांचं सिझेरियन होतं. मग ती पायाळू की नाहीत, हे समजुतीनं अजून ठरवलेलं नाही.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: तुझ्यात काही नव्हतं. त्या शेतात धोका तुला होता, तो तू उघड्यावर उभी होतीस म्हणून. आणि खरं सांगायचं तर मोहाखालच्या बायांना तो तुझ्याइतकाच, किंबहुना जास्त होता. झाडावर पडलेली वीज खोडावरून उतरताना शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी मारते, कारण पाण्यामिठाने भरलेलं आपलं शरीर लाकडापेक्षा चांगला सुवाहक आहे. उरलेली जमिनीतून पसरते आणि जवळ उभ्या असलेल्यांच्या एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. गुरं झाडाखाली एकाच वेळी मरून पडतात ती यामुळेच. त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त.

इथे कोणी म्हणेल, विजेच्या वेळी एकमेकांपासून लांब राहा असं तर तज्ज्ञही सांगतात. हो, सांगतात. उघड्यावर सापडलात आणि आसरा नसेल, तर सगळ्यांनी विखुरावं, म्हणजे एका तडाख्यात सगळे जात नाहीत. पण सगळ्यांनी विखुरणं आणि एकीला हाकलणं, या दोन गोष्टी एक नाहीत.

आता दुसरी समजूत, आणि ही जास्त जिवावर बेतणारी आहे. वीज लागलेल्या माणसाला हात लावू नये, त्याच्या अंगात करंट असतो. शेजारच्या छत्तीसगडातून तर अशा माणसाला शेणात पुरून ठेवल्याच्या बातम्या येतात, शेण वीज शोषून घेतं म्हणून. आपल्या भागातही ही समजूत ऐकलेली माणसं या सभागृहात असतील. ती चूक का आहे, हे सांगायला मला पुन्हा रेशमाकडे जावं लागेल.

स्टीफन ग्रे हा इंग्लंडमधल्या कँटरबरीचा, धंद्याने रंगारी, कापड रंगवणारा. आपल्या कोष्टी मंडळींना जवळचा वाटावा असा माणूस. १७२९ च्या जुलैत तो ग्रॅनव्हिल व्हीलर नावाच्या मित्राच्या घरी प्रयोग करत होता. काचेची नळी घासायची आणि तिचा प्रभार सुतळीवरून किती लांब जातो ते बघायचं. सुतळी टांगायला आधार हवा. व्हीलरने सुचवलं, रेशमाचा धागा घेऊ, तो बारीक असतो, त्यातून कमी गळेल. जमलं. सुतळी लांबवत गेले, तेव्हा एकदा वजनाने रेशीम तुटलं. मग मजबूत हवी म्हणून पितळेच्या तारेने टांगली. आणि प्रयोग बंद पडला. नळी कितीही घासा, दुसऱ्या टोकाला वर्खाचा तुकडा हलेना. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न जाडीचा नव्हताच. रेशीम प्रभार धरून ठेवतं, पितळ वाहून नेतं. सुवाहक आणि दुर्वाहक हा जो तक्ता आपण वहीत आखतो, त्याची सुरुवात एका तुटलेल्या रेशमी धाग्याने झाली. पुढच्या वर्षी ग्रेने एका मुलाला हवेत आडवा टांगून त्याला प्रभार दिला, तर वर्खाचे तुकडे त्याच्या चेहऱ्याकडे उडू लागले. पण हे घडलं ते त्याला प्रभार गळू न देणाऱ्या दोऱ्यांनी टांगलं होतं म्हणून. त्याचा पाय जमिनीला लागला असता तर क्षणात सगळं संपलं असतं.

माझ्या कामाची सगळी इमारत याच एका गोष्टीवर उभी आहे, हे जाता जाता सांगते. तुम्ही आज मोबाइलमध्ये जे फोटो काढताय ते म्हणजे काचेच्याच जातीच्या दुर्वाहक थरात कोंडलेले इलेक्ट्रॉन आहेत. थर चांगला म्हणून ते वर्षानुवर्षं कोंडून राहतात आणि फोटो टिकतो.

पण माणसाचं शरीर ना रेशीम आहे, ना काच. ते सुवाहक आहे, आणि वीज लागलेला माणूस ओल्या जमिनीवर पडलेला असतो. त्याच्या अंगात प्रभार थांबेल कुठे? विजेचा एक तडाखा सेकंदाच्या अगदी बारीक अंशात संपतो. त्यात तीस हजार अँपिअरच्या आसपास धारा असते, पण एकूण प्रभार जेमतेम पाच कुलोम. तुमचा दोन अँपिअरचा मोबाइल चार्जर तेवढा प्रभार अडीच सेकंदांत वाहून नेतो. वीज मारते ती प्रचंड दाबाने आणि एका क्षणात आल्यामुळे. मागे अंगात काही उरत नाही. त्या माणसाला हात लावणं पूर्णपणे सुरक्षित आहे. घरातल्या जिवंत तारेला चिकटलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथे करंट चालू असतो, आधी मेन स्विच बंद करायचा. ही दोन्ही प्रकरणं आपण एकत्र करतो, आणि त्यात वीज लागलेल्याचा जीव जातो.

कारण त्याचं हृदय आणि श्वास थांबलेला असू शकतो. तो मेलेला दिसतो, पण अजून मेलेला नसतो. तो धडधडत नसेल, श्वास घेत नसेल, तर त्याच क्षणी छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटीमीटर दबेल इतक्या जोराने. जमत असेल तर मध्ये मध्ये तोंडाने श्वास द्यायचा, कारण विजेनंतर कधी कधी हृदय आपोआप सुरू होतं पण श्वास होत नाही. दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. एकाच वेळी चार-पाच जणांना लागली असेल, तर जे कण्हत आहेत त्यांच्याकडे नंतर गेलात तरी चालेल. जे गप्प पडले आहेत त्यांच्याकडे आधी जायचं. इतर अपघातांत डॉक्टर याच्या उलट करतात. शेणाचा खड्डा खणण्यात जी दहा मिनिटं जातात, तीच त्याची होती.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेने जातात, आणि त्यांतली बरीचशी आपल्यासारखी, शेतात राबणारी. म्हणून थोडं रोवणीच्या वेळचं सांगते आणि थांबते. लखकन् चमकलं की गडगडाट येईपर्यंत अंक मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम टाकून निघा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बांधीत उतरू नका. पक्कं घर, शाळा, बंद पत्र्याची गाडी किंवा एसटी चालते. ट्रॅक्टर, मांडव, झोपडी चालत नाही. अगदीच सापडलात तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. गमबूटचा भरवसा धरू नका. जी वीज किलोमीटरभर हवा फोडून आली तिला बोटभर रबराचं काय? मोबाइल वीज ओढत नाही, तो खिशात राहू द्या, उलट त्यात 'दामिनी' अॅप घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने केलेलं आहे, आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरमध्ये वीज असेल तर सांगतं. टोळीतल्या एकीच्या मोबाइलमध्ये असलं तरी पुरे.

आमच्या मैत्रिणीने मला काल एक गोष्ट विचारली, ती सगळ्यांसमोर सांगते. ती म्हणाली, हे तू सभागृहात सांगशील, टाळ्या पडतील, पण ज्या बायांनी मला उभं केलं त्या इथे नसणार. बरोबर आहे. म्हणून आमच्या बॅचने ठरवलंय की जूनमध्ये, मृग लागायच्या आधी, हा कोसा, ही कांडी आणि हे फुगे घेऊन दोन-तीन गावांत जायचं, संध्याकाळी, बाया घरी आल्यावर. हवा दमट असेल, प्रयोग फसायची भीती आहे, म्हणून कांडी चुलीजवळ शेकून न्यावी लागेल. छाती दाबून दाखवायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. कोणाला यायचं असेल त्यांनी जेवणानंतर तिच्याकडे नाव द्या. ती तिसऱ्या रांगेत आहे, हात वर करेल.